भिंतीकडे तोंड

आमच्या नाच शिकवणाऱ्या मास्तरांना स्वतःच्या विद्यार्थिनी ओळखू येत नसत. म्हणजे चेहऱ्यावरून येत नसत. एकदा भंडाऱ्याच्या बाजारात ते मिरच्या निवडत उभे होते, तेव्हा माझ्या मैत्रिणीनं त्यांना वाकून नमस्कार केला. ही पोरगी शाळेत जायला लागल्यापासून त्यांच्याकडे शिकत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, अगदी परगावच्या पाहुणीकडे पाहावं तसं, आणि म्हणाले, "कोन वं बाई तू?" बिचारी लालेलाल झाली. मग म्हणाले, "बरं, जरा चालून दाखव." भर बाजारात ती चालली. "हां," मास्तर म्हणाले, "मागच्या ओळीतली. उजवी टाच आळशी हाय तुयी. घरी सारं बरं ना?" आणि मिरच्या पिशवीत टाकून निघून गेले.

डोळे अधू होते म्हणाल, तर तसंही नाही. साठी जवळ आली तरी सुईत दोरा स्वतः ओवत. पण आम्हाला शिकवताना ते कायम आमच्याकडे पाठ करून बसत. एखाद्या दिवशी नव्हे, रागावल्यावर नव्हे, रोज. पुढे नागपूरला लग्न करून गेलेल्या आमच्यातल्या दोघी हे सासरी सांगतात तेव्हा तिकडचे लोक हसतात. हसू देत. त्यांना आमची आळी माहीत नाही.

आमची नाचशाळा विणकर आळीत, सोसायटीच्या सुताच्या जुन्या गोदामात भरे. ती सुरू केली सरकारी दवाखान्यात बदलून आलेल्या एका बंगाली डॉक्टरांच्या बायकोनं. त्यांना दुपार खायला उठे. त्यांनी आळीतल्या चार पोरी गोळा केल्या आणि गाण्यावर गोष्ट नाचून दाखवायला शिकवलं. त्याला त्या बॅले म्हणत. पायाच्या अंगठ्यावर उभं राहायचा साहेबी नाच तो नव्हे. राजा, राणी, हरिण, पारधी, असं सगळं त्यात असे. आळीत लगेच 'ब्याले' हा शब्द रुळला. पाण्याच्या नळावर बाया एकमेकींना विचारत, तुयी पोरगी ब्यालेत जाऊन राहिली का. डॉक्टरांची बदली झाली तेव्हा बाई रडत रडत गेल्या आणि शाळा मात्र मागे राहिली.

त्यांच्यानंतर एक तरुण मास्तर आला. कानावर केस, सोबत ग्रामोफोन. नाचायचा मात्र सुरेख, हे माझी मायसुद्धा कबूल करायची. दोन दिवाळ्या त्यानं बरं शिकवलं आणि एक दिवस वडशाकडच्या नाटक कंपनीत निघून गेला. जाताना वर्गातली सगळ्यांत मोठी मुलगी त्याच्यासोबत गेली. त्यांनी रीतसर लग्न केलं, संसारही चांगला झाला म्हणतात, पण आळीनं तेवढं ऐकून घ्यायला नको? गोदामाला कुलूप लागलं. आत पुन्हा सुताचे गठ्ठे आले, आणि दार नीट लागत नसल्यामुळे शेळ्याही आल्या.

मग आमचे मास्तर आले. ते नाकाडोंगरीकडचे. तरुणपणी घरातून पळून मुंबईला गेले, मोठ्या नृत्य कंपनीबरोबर देशभर हिंडले आणि गुडघे गेल्यावर परत आले. अंगानं काटक, आवाज घोगरा, डोक्याला कायम रुमाल. सोसायटीच्या अध्यक्षांची राइस मिल होती आणि शाळा पुन्हा चालू व्हावी अशी त्यांची फार इच्छा होती. पण अध्यक्षांच्या इच्छेनं काय होतं? पोरी बायांच्या हातात होत्या.

त्या दिवशीची बैठक माझी माय फार रंगवून सांगायची. आळीतल्या साऱ्या बाया गोदामात जमल्या. त्यांनी अटी घातल्या. मास्तरनं पोरीच्या अंगाला हात लावायचा नाही. वर्ग चालू असताना एक बाई राखणीला बसेल. मास्तर दोन्हीला हो म्हणाले. सगळं ठरत आलं तेवढ्यात एक म्हातारी मागून बोलली, "हात नाई लावन, पन डोये तं लावन ना?" सगळ्या बायांनी माना डोलावल्या, कारण गेल्या मास्तरनंही हात कुठे लावला होता, सारं काम डोळ्यांनीच तर झालं होतं. मास्तरांनी थोडा विचार केला. आपला लाकडी स्टूल उचलला, पश्चिमेच्या भिंतीशी नेऊन ठेवला, भिंतीकडे तोंड करून बसले आणि तसेच बसून विचारलं, "असं चालते का?"

बाया हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की माणूस थट्टा करत नाही. दिवाळीपर्यंत असं करून पाहू, असं ठरलं. दिवाळी आली आणि गेली, आणखी कितीतरी दिवाळ्या गेल्या, स्टूल तिथंच राहिला.

त्यांच्या शिकवण्याची रीत अशी. आम्ही यायच्या आधी ते जमिनीवर चुन्यानं रेघा आखून ठेवत, कोणी कुठे उभं राहायचं त्याच्या. आम्ही आत येईपर्यंत ते भिंतीकडे वळलेले असत आणि शेवटची पोरगी बाहेर पडेपर्यंत वळत नसत. एखादी गत दाखवायची तर उठून आमच्याकडे पाठ करूनच दाखवत. आम्ही मागून पाहून उचलायचं. मग बसत आणि मागातला एक जुना धोटा स्टुलाच्या पायावर आपटून ताल धरत. भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या उंचीला रुमालाच्या तेलाचा एक डाग पडला होता. चहा आला तरी बशी भिंतीकडेच. राखणीच्या बाया म्हणत, भिंतीलेच पाजून राहिला का मास्तर चहा.

आणि ते ऐकत. गोदामाची जमीन मातीची, शेणानं सारवलेली. सारवायचं काम आमचंच. शनिवारी सगळ्यांनी मिळून. त्या जमिनीवर प्रत्येकीचा पाय वेगळा वाजे. अध्यक्षांनी एकदा स्वखर्चानं फरशी बसवून देतो म्हटलं, तेव्हा मास्तर ताडकन नाही म्हणाले. फरशीवर साऱ्या पोरी एकाच आवाजाच्या होतात, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्ष महिनाभर रुसले होते.

आमच्या मास्तरांकडे शाबासकी आणि बोलणी यांसाठी दोनच शब्द होते. चुकलं की "आयकू नाई आलं." जमलं की "आयकलं." बस. पहिल्या शब्दानं पोरी रडत आणि दुसरा ऐकायला वर्ष वर्ष थांबत. हातांबद्दल विचारलं तर म्हणत, हात मले दिसत नाई, हाताचं तुमच्या मायले विचारा. त्यामुळे राखणीच्या बायांवर हातांची जबाबदारी आली आणि त्यांनी ती भलतीच मनावर घेतली. कोणी तांदूळ निवडत, कोणी वाती वळत बसलेली असे, आणि मधेच ओरडे, ए, कोपर वर कर, झोपली का? माझी माय राखणीला आली की चरखा घेऊन येई आणि विणायच्या कांड्या भरत बसे. तिचा चरखा आणि मास्तरांचा धोटा एका तालात चालायला लागले की आम्हाला हसू आवरत नसे.

आता माझ्या हाताचं सांगते, कारण पुढचं सारं त्यावरच आहे. मी लहान असताना घरी रंगाच्या कढईत सूत उकळत होतं. मी धावत आले ती त्यावरच पडले. डावा हात भाजला आणि बरा होताना कोपरातून आखडला. तो छातीशी दुमडलेला राहतो. सरळ होत नाही, वर जात नाही. मनगट आणि बोटं चांगली चालतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाई मला दरवर्षी पडदा ओढायला उभं करत. एका वर्षी झाड केलं. मला झाड व्हायचा इतका राग आला होता की मी नाटक चालू असताना निघून गेले आणि जंगलात तेवढी जागा रिकामी दिसली.

ब्यालेत मी शिकायला गेलेच नव्हते. मायची राखणीची पाळी होती म्हणून तिच्यासोबत बसले होते. बसल्या बसल्या पाय हलवत होते, मग उठून मागे कोपऱ्यात पोरींबरोबर ठेका धरू लागले. धोटा थांबला. "ते कोन हाय कोपऱ्यात?" मास्तरांनी भिंतीला विचारलं. माय घाबरली, म्हणाली, माई पोरगी हाय गुरुजी, बसवतो तिले. मास्तर म्हणाले, "बसवता काहून? ओळीत उभी करा."

बस, एवढ्यावर मी नाचायला लागले. पुढच्या वर्षांत मी मागच्या ओळीतून मधल्या ओळीत आले आणि मधल्या ओळीतून पुढे. दोन्ही हात वर करायची जागा आली की मी एकच वर करी. राखणीच्या बाया सगळ्यांच्या कोपरांवर ओरडत, माझ्या कोपराबद्दल कोणी अक्षर काढत नसे. दया हो, दुसरं काय. मला ती दया कळायची आणि टोचायची. पण मास्तरांचं मला वेगळं वाटायचं. मला वाटायचं, या माणसाला माझा हात माहीत आहे आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. आळीत, शाळेत, लग्नाच्या पंगतीत सगळे आधी माझ्या हाताकडे पाहत आणि मग माझ्याकडे. एक मास्तर तेवढे तसे नव्हते. त्या एका गोष्टीवर माझं सारं बालपण उभं होतं, हे मी आजही न लाजता सांगते.

मी पंधरा-सोळाची असताना मास्तरांनी 'रोवणा' नावाचं नृत्यनाट्य बसवलं. चिखलणीपासून खळ्यापर्यंत धानाची सगळी गोष्ट. रोवणा म्हणजे भाताची लावणी. बाया वाकून, मागे मागे सरकत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवतात, तसं आम्ही मागे सरकत नाचायचो. पुढची मुख्य रोवणारी मी होते. गावातल्या शारदोत्सवात करायचंच होतं, पण अध्यक्षांनी खटपट करून नागपूरच्या एका महोत्सवाकडे नाव पाठवलं. निवड करायला तिकडून एक गृहस्थ आले. पांढरा सफारी, हातात पान. आमची शाळा नागपूरला जाणार म्हणून आळीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. माझ्या मायनं तर माझ्यासाठी टसरीचं लुगडं मागावर चढवलं होतं.

आम्ही सगळं नाचून दाखवलं. पाहुणे खूश दिसले. ते मास्तरांच्या पाठीला उद्देशून म्हणाले, "छान बसवलंय. पायांचं काम तर फारच चांगलं. फक्त ती पुढची मुलगी बदला. हाताचं ते रंगमंचावर वाईट दिसेल."

मास्तर भिंतीकडे पाहत म्हणाले, "कोन्ता हात?"

मला आधी वाटलं, ते पाहुण्यांना टोमणा मारत आहेत. मग त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच विचारलं, "काय झालं तिच्या हाताले?" मायचा चरखा थांबला. तेव्हा मला कळलं. त्यांनी काही मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं. बायांना वाटलं पोरींनी सांगितलं असेल, पोरींना वाटलं अध्यक्षांनी सांगितलं असेल, मला वाटलं त्यांना सगळं ठाऊक आहे. आणि ते इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझ्या पायाखालची जमीन गेली म्हणा ना, ती मी स्वतः सारवलेली होती तरी.

पाहुण्यांना अध्यक्ष चहाला घेऊन गेले. गोदामात आम्ही पोरी, मास्तर आणि राखणीला माझी माय. मास्तर म्हणाले, "बाई, वळू का?"

हे त्यांनी मायला विचारलं होतं. मायनं कांडी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "वळा."

ते स्टुलावर बसल्या बसल्या वळले. वर्गात त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच समोरून पाहत होते. बाकीच्या पोरींनी ओढण्या सावरल्या. मास्तरांनी कोणाकडेच पाहिलं नाही, फक्त माझ्या हाताकडे पाहिलं. बाजारातला कोणीही माणूस पाहतो तसंच पाहिलं. मला हातच कुठे तरी टाकून द्यावासा वाटला.

"मले काहून नाई सांगतलं?"

"मले वाटलं तुमाले माहीत हाय."

"नाई," ते म्हणाले. "माहीत असतं तं तुले पुढं नसतं केलं. पयल्या दिवशीच मायसंगं घरी धाडलं असतं."

मी रडायला लागले. दुःखानं नव्हे, संतापानं. इतकं खरं बोलायची काही गरज होती का? दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की बाळ, मला हाताचं काही नाही. माय तर उठून उभीच राहिली, आता ती मास्तरांना काय बोलते याची मला भीती वाटली. पण मास्तर तिच्या आधी बोलले. "पन आता मी आयकलं हाय तुले. इतके वर्षं आयकलं. ते आता कसं पुसू?"

आणि ते परत भिंतीकडे वळले.

संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर वादावादी झाली. अध्यक्षांचं म्हणणं, एका पोरीपायी बाकीच्या पोरींचं नागपूर कशाला बुडवायचं. काही बायांनाही ते पटत होतं. त्यांच्या पोरी होत्या, त्यांची काय चूक? मास्तर म्हणाले, पुढं हेच पोरगी राहीन, चालत नसन तं आमी येत नाई असं कळवा. मग बायांकडे वळून, म्हणजे पाठ वळवून, त्यांनी विचारलं, रोवताना डावा हात काय करते? बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. हा काय प्रश्न झाला? डाव्या हातानं पऱ्ह्याची पेंडी छातीशी धरतात आणि उजव्यानं रोवतात, लहान पोरालाही माहीत. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. मुंबईच्या कंपनीत शिकले होते तसे त्यांनी आमचे दोन्ही हात आभाळाकडे नेले होते. चिखलात उभी राहून आभाळाकडे हात करणारी बाई त्यांनी तरी कुठे पाहिली होती?

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पोरींचे डावे हात छातीशी आले, पेंडी धरून. मी त्यांना म्हटलं, माझ्यासाठी सगळ्यांचं बदलू नका. तर म्हणाले, "तुयासाठी नाई. चूक माई होती." ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. त्या माणसानं आदल्या दिवशी मला जे ऐकवलं होतं त्यानंतर मी त्याच्या शब्दावर विश्वासच ठेवायचा ठरवलं.

पाहुण्यांनी बदललेला नाच पुन्हा येऊन पाहिला आणि मान डोलावली. आम्ही लाखनीहून येणाऱ्या एका ट्रकमध्ये धानाच्या पोत्यांवर बसून नागपूरला गेलो. तिथल्या मोठ्या नाट्यगृहात मास्तर विंगेत एका पेटीवर बसले, रंगमंचाकडे पाठ करून. तिथं त्यांना कोणी अट घातली नव्हती. मॅनेजरनं सांगितलं, गुरुजी, इकडून चांगलं दिसेल. ते म्हणाले, दिसून काय करू. लाकडी रंगमंचावर आमचे पाय असे वाजले की मला स्वतःलाच भीती वाटली. बक्षीस मिळालं नाही. पडदा पडल्यावर मी धापा टाकत त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी मागे न पाहता विचारलं, "पुढची का?" मी हो म्हटलं. "आयकलं," ते म्हणाले.

तेवढ्यासाठी मी किती वर्षं थांबले होते ते मायला विचारा. टसरीच्या लुगड्यात तोंड खुपसून मी रडले आणि ते लुगडं पहिल्याच दिवशी खराब केलं म्हणून मायची बोलणी खाल्ली.

नागपूरहून परतल्यावर आळीतल्या बायांनी आपणहून ठराव केला. डोळ्यांची गोष्ट काढणारी ती म्हातारीच पुढे होती. ती म्हणाली, गुरुजी, आता वळून बसा, आमचा भरवसा हाय. मास्तरांनी हात जोडले. म्हणाले, "तुमचा असन. माया डोयांवर माया भरवसा नाई." बायांना वाटलं, विनय आहे. मला तसं वाटलं नाही. ते वळले त्या दिवशी मी त्यांच्या समोर उभी होते.

ते शेवटपर्यंत भिंतीकडेच बसले. गुडघे अगदीच गेले तेव्हा त्यांना पुतण्या येऊन नाकाडोंगरीला घेऊन गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. निरोप आला त्या दिवशी वर्ग भरला होता. मी पोरींना सुट्टी दिली नाही, कारण त्यांनी कधी कोणाला दिली नव्हती. शाळा माझ्याकडे आली होती. नव्या अध्यक्षांनी पश्चिमेच्या भिंतीला आरसा लावून दिला, त्यामुळे तेलाचा डाग झाकला गेला. मी बाईमाणूस, मला कोणाची अट नाही. मी पोरींकडे तोंड करून शिकवते, हातही बघते, आणि राखणीच्या बाया आता फक्त गप्पा मारायला येतात.

फक्त नवी पोरगी येते त्या दिवशी मी आरशावर चादर टाकते आणि स्टूल भिंतीकडे वळवून बसते. पोरीची माय काही सांगायला लागली की तिला म्हणते, थांबा बाई, नंतर सांगा. पोरगी चालते, धोट्याच्या तालावर पाय टाकते, मी ऐकते. आणि 'उद्यापासून ये' असं तोंडातून निघून गेल्यावर मग वळते.